अत्तराची पारख

आपल्याकडे लग्नकार्यात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावण्याची आणि हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडण्याची रीत आहे. परंतु त्या अत्तराची पारख कशी करावी, हे मात्र कोणी कोणाला शिकवीत नाही. सोने आपण कसाला लावून घेतो, आंबा देठाशी हुंगून घेतो, कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहतो. अत्तर मात्र नावावर, बाटलीवर आणि दुकानदाराच्या शब्दावर घेतो. मीही तेच केले असते. पण एका विचित्र कारणाने मला ही पारख शिकावी लागली. ते कारण आधी सांगते.

हरवलेला वास

मे २०२१ मध्ये मला कोरोना झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला. तो गेल्याचे कळले तेही उशिराच. मी ओट्यापाशीच उभी होते, दूध उतू जाऊन करपत होते, आणि आजी माजघरातून ओरडत धावत आली. तीन महिन्यांनी वास परत आला तो वाकडा होऊन. कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी आणि कॉफी कुजल्यासारखी लागे. कितीतरी दिवस मी दहीभातावर काढले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीस सेकंद, मन लावून हुंगायचे. ही पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉ. थॉमस हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडली. नाकाच्या वरच्या भागातील गंध ओळखणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात. सरावाने त्यांना आणि मेंदूला जुनी ओळख पुन्हा पटू शकते, असा यामागील विचार आहे. मनुष्याच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही घटक असतात आणि त्यांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून आपण असंख्य वास ओळखतो. गंधग्राहींच्या शोधाबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे मी पुढे वाचले. त्यावेळी मात्र लवंगेची बाटली नाकाशी धरून, 'ही लवंग आहे' असे स्वतःला बजावत बसणे एवढेच ठाऊक होते.

वर्षभरात वास बराचसा सुधारला. नाकावरचा विश्वास मात्र परतला नाही. भाजी आंबली आहे का, हे मी आजही आजीला विचारते.

दीड हजार रुपये

गेल्या वर्षी एका निबंधस्पर्धेत मला दीड हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या पैशांचे अत्तर घ्यावे, असे माझ्या मनात आले. घरात हे कोणालाच पटले नाही. "अत्तराचे दिवे लावायचेत का?" बाबांनी विचारले. त्यांचे चुकत नव्हते. तेवढ्या पैशांत एक चांगली चप्पल आणि सत्राची पुस्तके आली असती. म्हणूनच मी ठरवले की घेईन तर पारखून घेईन, आणि का घेतले हे बाबांना सांगता आले पाहिजे.

कसोटी मिळाली ती संस्कृतच्या तासाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात, राजकोशात कोणती रत्ने व द्रव्ये घ्यावीत हे सांगताना, चंदनाच्या अनेक जाती दिल्या आहेत आणि त्यानंतर उत्तम चंदनाचे गुणही सांगितले आहेत. ते हलके व स्निग्ध असावे, त्वचेत मुरावे, उग्र नसावे, विटू नये, उष्णता सोसावी, असा त्यातील काही गुणांचा आशय आहे. सर हा भाग भरभर पुढे नेत होते, पण माझे मन तिथेच अडकले. कोषाध्यक्षासाठी लिहिलेल्या या सूचना म्हणजे गिऱ्हाईकासाठी तयार कोष्टकच होते! मी वहीत चार रकाने आखले : मुरते का, उग्र आहे का, विटते का, उन्हात टिकते का.

आपल्या पूर्वजांनी हा विषय शास्त्र म्हणून अभ्यासला होता, हेही त्यानिमित्ताने कळले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सोळा द्रव्यांतून चार चार निवडली तर १८२० जुळण्या होतात, असा हिशेबही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी गंगाधराच्या 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याच्या 'गंधवाद' या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. 'गंधवादा'वर जुनी मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याहून एकत्र प्रसिद्ध झाले. सुगंधावर मराठीत असे काही लिहिले गेले आहे, याची मला दाद नव्हती.

देग आणि भपका

नमुने घेण्यापूर्वी अत्तर कसे तयार होते हे समजून घेतले. बाजारातील बहुतेक सेंट मद्यार्कात मिसळलेले असते. ते अंगावर पडताच मद्यार्क उडतो आणि वास एकदम पसरतो. पारंपरिक अत्तरात मद्यार्क नसतो. उत्तर प्रदेशातील कनौज हे या धंद्याचे जुने केंद्र. तिथे 'देग' नावाच्या तांब्याच्या हंड्यात फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात व खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या भांड्यात जाते. भपक्यात चंदनाचे तेल असते आणि तो पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो. वाफ थंड होते, सुगंध चंदनतेलात उतरतो आणि पाणी वेगळे काढले जाते. चांगल्या अत्तराला असे अनेक दिवस, ताज्या फुलांचे घाण्यावर घाणे द्यावे लागतात.

फसवणुकीची जागाही इथेच आहे. चंदन दुर्मिळ आणि महाग झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी पातळ पॅराफिन किंवा दुसरे स्वस्त द्रावक वापरतात. गुलाबाचे एक किलो तेल निघायला साधारणपणे तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. एवढे ठाऊक असले की शंभर रुपयांत मिळणाऱ्या 'अस्सल गुलाबा'त गुलाब किती असेल, हा हिशेब वहीवाचूनही करता येतो.

नमुने घेण्याची रीत

मुंबईला मामाकडे गेले असताना महंमद अली रोडवरील अत्तराच्या दुकानांत गेले. पहिल्या दुकानात माझी फजिती झाली. दहा मिनिटांत सात अत्तरे दोन्ही हातांवर लागली, आणि शेवटी मला कशाचाच वास येईना. मला वाटले, पुन्हा गेला वास! घशाला कोरड पडली. मामाने रस्त्यावर आणून लिंबूसरबत दिले, तेव्हा लिंबाचा वास आला आणि जीव भांड्यात पडला. नाक दमते, ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दुकानातील वृद्ध चाचांनी एकाच वाक्यात शहाणपण शिकवले : "बेटी, यहाँ मत सूँघो, घर जाके सूँघो." त्यांच्याकडून अगदी थोड्या पैशांत पाच नमुन्यांच्या चिमुकल्या कुप्या आणल्या आणि घरी पुढील नियम केले.

१. एका दिवशी एकच अत्तर. मध्ये नाक दमलेच तर स्वतःच्या धुतलेल्या बाहीचा वास घ्यावा व थांबावे.

२. कापसाचा फाया नाक सांगतो, पण अत्तर अंगावर लावायचे असते. म्हणून कसोटी मनगटावरच घ्यावी. त्वचेला आग होते का, हेही तिथेच कळते.

३. नोंद चार वेळा करावी : पाच मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. हलके घटक आधी उडतात, जड मागे राहतात. दुकानात आपण पहिली पाच मिनिटेच विकत घेत असतो. दिवसभर सोबत राहतो तो तळाचा वास.

४. नाव आणि किंमत झाकून ठेवावी. धाकट्या भावाने कुप्यांवर फक्त क्रमांक चिकटवले. माझे नाक बेभरवशाचे, म्हणून आजीचे नाक साक्षीला घेतले.

५. कागदावर थेंब टाकून तेलकट डाग राहतो का, तेही पाहावे. पण चंदनतेलही सावकाश उडते, तेव्हा केवळ डागावरून निकाल देऊ नये.

फ्रान्समध्ये झां लापोर्त यांनी १९७६ साली 'लार्तिझां पार्फ्युमर' हे छोटे सुगंधगृह काढले. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या वाटेने न जाता वेगळे, प्रसंगी विक्षिप्त वाटणारे सुगंध करणारी अशी अनेक गृहे निघाली. त्यांच्या बाटल्या फार महाग असतात, आणि म्हणून तिथले रसिकही आधी एक-दोन मिलिलिटरचे नमुने घेऊन दिवसच्या दिवस तपासत बसतात. वरील नियम त्यांनाही तसेच लागू पडतात.

पाच कुप्या

क्रमांक १ पहिल्या क्षणी सर्वांना आवडला. पण पाच मिनिटांनी जसा होता तसाच तो चार तासांनी होता, आणि सकाळी एकाएकी नाहीसा झाला. नैसर्गिक सुगंध सहसा बदलत बदलत विरतो. हा गुलाब निघाला, पाचांत सर्वांत स्वस्त.

क्रमांक २ लावताच भाऊ खोलीबाहेर गेला. तो केवडा होता. केवड्याचे मोठे उत्पादन ओडिशातील गंजाम जिल्ह्यात होते. त्याची धार विलक्षण आहे, पण 'उग्र आहे का' या रकान्यात मला दोनदा 'होय' लिहावे लागले. दुपारी डोके दुखले.

क्रमांक ३ ची मला भीती वाटली, कारण त्यात मसाला होता आणि मसाल्यानेच माझे नाक फसवले होते. आजीने हुंगून सांगितले, "हा तर माझा गोड्या मसाल्याचा डबा!" ती फारशी चुकली नव्हती. शमामा हे अनेक वनस्पती व मसाले मिळून केलेले अत्तर. त्यात जे दगडफूल पडते, तेच आपल्या गोड्या मसाल्यातही असते. रबराचा वास आला नाही! तो दुसऱ्या दिवशी सकाळीही ऊबदार होता. परंतु रोज लावण्याजोगा नव्हता. तो शाल पांघरून बसण्याचा सुगंध आहे.

क्रमांक ४ वर गाडी अडली. मला फक्त मंद चंदन आले, बाकी काही नाही. आजीने मनगट नाकाशी नेले आणि ती थांबलीच. "अगं, हा वळीव! सडा घातल्यासारखा." बाबांनाही तेच वाटले. ते मातीचे अत्तर होते. भाजलेली माती देगेत घालून ते काढतात. ऑस्ट्रेलियातील ईझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड ग्रेनफेल थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिले, तेव्हा त्यांनी आपल्याकडील या अत्तराचाही उल्लेख केला होता. घरातील सर्वांना पाऊस आला आणि मी कोरडी राहिले. दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटावर पुन्हा प्रयोग केला. चार तासांनी, भांडी विसळून हात पुसताना, क्षणभर काहीतरी आले. वहीत नोंद आहे : 'आहे?'

क्रमांक ५ दाट आणि किंचित हिरवट होता. पाच मिनिटांनी कडवट, तासाने माठातल्या पाण्यासारखा गार, चार तासांनी गोडसर. उन्हात कॉलेजला चालत जाऊन आले तरी टिकला. दुसऱ्या सकाळी पुस्तकाच्या पानालाही त्याचा वास होता. वाळा! वाळ्याचे तेल फार सावकाश उडते आणि म्हणूनच दुसऱ्या सुगंधांना धरून ठेवण्यासाठीही ते वापरतात. चारही रकान्यांत तो उतरला.

निर्णय

आजीचे मत मातीच्या अत्तराकडे होते. "आज येत नसेल, उद्या येईल. घेऊन ठेव," ती म्हणाली. मी दोन दिवस विचार केला. आजीचे नाक खरे होते, अत्तरही खरे होते. पण जो वास मला येत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या साक्षीवर विकत घेणे म्हणजे पुन्हा बाटलीवरच्या नावाला भुलण्यासारखेच झाले असते. मी मामाकरवी पाव तोळा वाळा मागवला. बाराशे रुपये पडले. उरलेल्या तीनशेंत एक पुस्तक आले. बाबांनी वही वाचायला मागितली, शेवटपर्यंत वाचली आणि परत देताना एवढेच म्हणाले, "चप्पल पुढच्या महिन्यात घेऊ."

मित्रमैत्रिणींना सांगावेसे वाटते ते इतकेच. महाग ते उत्तम नव्हे आणि पहिल्या क्षणी भुलवणारे ते टिकाऊ नव्हे. घाई करणाऱ्या दुकानात खरेदी करू नये. वही, घड्याळ आणि एखादे विश्वासू नाक जवळ असावे. मात्र शेवटचा निकाल आपल्या नाकाचा.

मातीच्या अत्तराचे काही थेंब नमुन्याच्या कुपीत शिल्लक आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यातील एक टिपका मनगटावर लावते आणि चार तासांनी नोंद करते. शेवटच्या तीन नोंदींपैकी दोहोंत प्रश्नचिन्ह नाही.