डीझेल ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा : छोट्या ट्रॅक्टरच्या दोषांची क्रमवार तपासणी

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पाऊस पडून गेला, की केवडा रोगावरील फवारणी पुढे ढकलता येत नाही. अशा सकाळी फवारणीयंत्र जोडलेला लहान ट्रॅक्टर सुरूच झाला नाही, तर कारागीर येईपर्यंतचा अर्धा दिवस बागाईतदारास फार महाग पडतो. पेरणीच्या दिवसांत जमिनीचा वाफसा निघून गेल्यासही अशीच हानी होते. वास्तविक पाहता ट्रॅक्टर सुरू न होण्याची बरीचशी कारणे अगदी साधी असतात. सैल तार, गंजलेले टोक, उतरलेली बॅटरी किंवा इंधननळीत शिरलेली हवा हे दोष क्रमाने तपासणी केल्यास शेतावरच सापडतात.

इंजिन पेटते कसे?

पेट्रोल इंजिनाप्रमाणे डीझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबून तिचे आकारमान सुमारे विसाव्या हिश्श्याइतके केले जाते. या दाबामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेले डीझेल आपोआप पेट घेते. यावरून दोन गोष्टींची आवश्यकता ध्यानात येईल. पहिली, इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. दुसरी, नोझलपर्यंत हवारहित व निर्मळ डीझेल पोहोचले पाहिजे. म्हणून स्टार्टर इंजिनास नीट फिरवितो की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. फिरवीत नसल्यास दोष बहुधा विजेच्या बाजूस असतो. फिरवीत असूनही इंजिन पेटत नसल्यास तो बहुधा इंधनाच्या किंवा हीटरच्या बाजूस असतो.

तपासणीपूर्वी

गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, पी.टी.ओ. बंद करावा व हँडब्रेक ओढावा. काही चालक जमिनीवर उभे राहून स्टार्टरची दोन टोके पान्याने जोडतात. ही सवय प्राणघातक आहे. अशा वेळी सुरक्षा स्विच निरुपयोगी ठरतो आणि गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर चालू होताच समोरच्या माणसाच्या अंगावरून जातो. ट्रॅक्टर नेहमी आसनावर बसूनच सुरू करावा.

स्टार्टर फिरत नसल्यास

पुढचा दिवा लावून स्टार्टर दाबावा व दिव्याकडे पाहावे.

(१) दिवा मुळीच लागत नसल्यास बॅटरीची टोके व मुख्य फ्यूज पाहावा.

(२) दिवा एकदम मंद होत असल्यास किंवा लागोपाठ टकटक आवाज येत असल्यास बॅटरी उतरलेली आहे अथवा जोड सैल आहेत असे समजावे.

(३) दिवा तेजस्वी राहून काहीच आवाज येत नसल्यास स्टार्टरकडे हुकूमच जात नाही. क्लच पूर्ण दाबला आहे काय, पी.टी.ओ.चा दांडा योग्य जागी आहे काय, हे पाहून मग सुरक्षा स्विच, किल्लीचा स्विच व सॉलेनॉइडची बारीक तार तपासावी.

(४) दिवा तेजस्वी असताना एकच ठोका ऐकू येऊन स्टार्टर न फिरल्यास सॉलेनॉइडचे आतील संपर्क जळालेले असण्याचा संभव असतो. हे काम कारागिराकडे द्यावे.

बॅटरीची परीक्षा

१२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घरे असतात. ट्रॅक्टर काही तास बंद राहिल्यानंतर मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या सुमारास ती अर्धी, तर १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. स्टार्टर फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. घरे उघडता येत असल्यास हायड्रोमीटरने प्रत्येक घराचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. ते सुमारे १.२५० ते १.२८० असावे. एखाद्या घराचा आकडा इतरांहून ०.०५० ने कमी असल्यास ते घर खराब झाले असे ठरते व नवी बॅटरी घेणेच श्रेयस्कर होय.

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, टोके घासून घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी घरात जाऊ देऊ नये. तार काढताना ऋण टोक आधी काढावे व जोडताना ते शेवटी जोडावे. बॅटरीतून निघणारा वायू स्फोटक असल्याने जवळ विडी ओढू नये. बॅटरी चांगली असूनही स्टार्टर मंद फिरत असल्यास चॅसीवरील अर्थ तारेचा जोड सोडून गंज व रंग खरवडावा. हा जोड बहुधा दुर्लक्षिला जातो.

स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही

या वेळी सायलेन्सरच्या धुराकडे पाहावे. धूर मुळीच नसल्यास सिलिंडरमध्ये डीझेल पोहोचत नाही. टाकीतील डीझेल, तिची तोटी, इंजिन बंद करण्याची ओढदांडी आत गेली आहे काय, आणि विजेवर चालणारी इंधनबंदी असल्यास किल्ली फिरविताच तिचा टक् आवाज येतो काय, हे पाहावे. सर्व ठीक असल्यास हवा धरली आहे असे समजून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा व हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डीझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा. नंतर इंधन पंपावरील स्क्रूबाबत तसेच करावे. नोझलमधून सुटणारा फवारा कातडी भेदून आत जातो. त्यासमोर हात धरू नये.

पांढरा धूर येत असल्यास डीझेल पोहोचते, परंतु पेट घेत नाही. निफाडसारख्या भागात कडाक्याच्या थंडीत सकाळी असे घडते. पुष्कळशा लहान ट्रॅक्टरांस ग्लो प्लग म्हणजे हीटर असतात. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बहुधा १५ ते २० सेकंद, ते तापवूनच स्टार्टर दाबावा. हीटर चालू असता प्लगच्या टोकास टेस्ट लॅम्प लावून वीज येते काय ते पाहावे. वीज येऊनही इंजिन पेटत नसल्यास प्लग काढून तपासून घ्यावेत.

स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक दाबू नये व मध्ये निदान एक मिनिट थांबावे. अन्यथा बॅटरी व स्टार्टर दोन्ही तापतात.

बॅटरी वारंवार उतरत असल्यास

इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. तो १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा. कमी असल्यास पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो साधारणतः १० ते १२ मिलिमीटर दबावा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कदापि काढू नये. त्यामुळे अल्टरनेटरचे डायोड जळतात. फ्यूज जळाल्यास त्याच मापाचा दुसरा घालावा. तांब्याची तार गुंडाळल्यास सर्व वायरिंग पेटण्याचा धोका असतो.

नित्य निगा

आठवड्यातून एकदा टोके व पट्टा पाहावा. महिन्यातून एकदा बॅटरीतील पाणी पाहून ते पट्ट्यांच्या वर १० ते १५ मिलिमीटर राहील इतके शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे. आम्ल घालू नये. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा राहणार असल्यास ऋण टोक सोडून ठेवावे व दर महिन्यास बॅटरी भरून घ्यावी. छाटणीच्या किंवा पेरणीच्या आठ दिवस आधी ही सर्व तपासणी उरकून घेतल्यास ऐन कामाच्या सकाळी कारागिराची वाट पाहत बसण्याची पाळी सहसा येत नाही.