प्लास्टर कुणी वजा केलं?

एम.टेक. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या दुसऱ्या सेमिस्टरची व्हायवा चालू होती. मुलांनी खाली पार्किंग आणि वर चार मजले अशा सोळा फ्लॅटच्या इमारतीचं रेव्हिटमध्ये मॉडेल केलं होतं. एक्स्टर्नल म्हणून आलेल्या गृहस्थांचं सगळं आयुष्य कंत्राटदारांची बिलं तपासण्यात गेलेलं. त्यांनी मॉडेल चहूबाजूंनी फिरवून पाहिलं, छान आहे म्हणाले आणि प्लास्टरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"खिडक्यांचं वजा कसं केलंत?"

"सर, सॉफ्टवेअर आपोआप करतं."

"एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं?"

मुलगा गप्प झाला. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा तो. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत 'हे तुम्ही सांगितलं नव्हतंत' असं स्पष्ट होतं. पुढचे चारही गट त्याच प्रश्नावर अडले.

आयएस १२०० या मोजमापाच्या मानकाच्या बाराव्या भागातला नियम साधा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजा करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करायचं. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंचं वजा करायचं आणि कडांचं प्लास्टर वेगळं मोजून मिळवायचं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर वेगवेगळ्या प्रकारचं असेल तर कुठल्या बाजूला वजावट धरायची, हेही त्यात दिलेलं आहे. गवंडी खिडकीच्या कडा करतो त्या मेहनतीची भरपाई या न केलेल्या वजावटीत होते. मॉडेलला यातलं काही ठाऊक नसतं. ते भोक दिसलं की दोन्हीकडून कापतं. १.२ बाय १.५ मीटरच्या एका खिडकीमागे १.८ चौरस मीटर प्लास्टर गायब होतं. अख्ख्या इमारतीच्या दारं-खिडक्यांचा हिशोब करा, म्हणजे कंत्राटदार आणि बिलिंग इंजिनिअर कशावरून भांडतात ते कळेल.

वीटकामात चूक उलटी झाली होती. मुलांनी भिंती एका लेव्हलपासून वरच्या लेव्हलपर्यंत सरळ नेल्या. मजल्याची उंची तीन मीटर, बीमची खोली ४५० मिलिमीटर. भिंत २.५५ वर थांबायला हवी होती. स्क्रीनवर फरक दिसत नाही, कारण बीम भिंतीच्या आत लपतो.

आठवडाभराने विभागाची बैठक झाली. विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्या विषयात बेसिकच कच्चं राहिलंय." जूनमध्ये एस्टिमेशनचे आठवड्याचे चार तास कापून दोन करणारे हेच. मॉडेलिंगला जागा हवी, मूल्यांकन समिती येणार, लॅब भरलेली दिसली पाहिजे, हे त्यांचेच शब्द. मी तेव्हा केबिनमध्ये जाऊन विनवलं होतं की मुलांना आधी हाताने मोजू द्या. "आता हाताने कोण मोजतं?" असं ते म्हणाले होते. प्रेझेंटेशनमध्ये त्यांनी नागपूर मेट्रोच्या ५डी बीआयएमची स्लाइड अभिमानाने लावली होती. त्यातला पाचवा 'डी' म्हणजे खर्च, आणि खर्च मॉडेलला जोडायचा तर बीओक्यूची बाब आणि तिच्या मोजमापाची पद्धत आधी पक्की लागते. हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं होतं, पण तोंडी. बैठकीत दाखवायला माझ्याजवळ कागदाचा एक कपटाही नव्हता.

म्हणून नव्याने हा विषय घेणाऱ्यांना पहिली गोष्ट ही सांगते: तास कापले जात असतील तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. संबंध बिघडतील या भीतीने मी थांबले. ते तरीही बिघडलेच.

दुसरी गोष्ट. एक मजला आधी मेजरमेंट शीटवर हाताने मोजून घ्या. मग तोच मजला मॉडेल करा. दोन्ही आकडे शेजारी मांडून प्रत्येक बाबीतल्या फरकाचं कारण मुलांकडून लिहून घ्या. मी आता शंभरातले चाळीस गुण या कारणांना देते, देखण्या चित्राला एकही नाही. बाहेरच्या प्रशिक्षकाने पाच दिवसांच्या कार्यशाळेत काचेचा बंगला करून घेतला, तेव्हा मुलांनी त्याला भरभरून अभिप्राय दिले. माझ्या विषयाचे अभिप्राय त्याच महिन्यात घेतले गेले. ते मी विसरलेले नाही.

भिंतीचा माथा बीमच्या तळाशी बांधायची सवय पहिल्याच तासाला लावा, नंतर सुधारत बसायला वेळ मिळत नाही.

सॉफ्टवेअरची आवृत्ती पहिल्या दिवशी ठरवून फळ्यावर लिहा. नव्या रेव्हिटमध्ये केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, आणि जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयही नाही. आमच्या लॅबमधली आवृत्ती दोन वर्षं जुनी होती, मुलांनी घरी नवी घेतली, आणि सबमिशनच्या सकाळी तीन गटांच्या फाइली उघडल्याच नाहीत. विद्यार्थ्यांचा परवाना फुकट असला तरी दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो आणि त्यासाठी कॉलेजचा पुरावा लागतो. हे काम सेमिस्टर सुरू होण्याआधी उरका.

नेव्हिसवर्क्सचा क्लॅश रिपोर्ट जसाच्या तसा छापून आणू देऊ नका. दहाच क्लॅश निवडायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी पाइप सरकवायचा की बीममध्ये स्लीव्ह ठेवायची, आणि ते कुणाला विचारून ठरवायचं, हे लिहून मागा. मुलांना साइटवरही न्या.

त्या हुशार मुलाला नंतर एका कंत्राटदाराकडे बिलिंगचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात त्याने फोन करून बाराव्या भागाची प्रत मागितली. मी लगेच पाठवली.

एस्टिमेशनचे तास अजून दोनच आहेत. शनिवारी सकाळी मी मुलांना टेप देऊन कॉलेजच्याच इमारतीच्या खोल्या मोजायला लावते. तास पूर्ववत करा, असं पत्र या जूनमध्ये दिलं आहे. पोच घेतली आहे, आवक क्रमांक माझ्याजवळ आहे. उत्तर आलेलं नाही.