खाज कधी सुटते, ते आधी सांगा

आमच्याकडे साखर नवऱ्याला आहे, खाज मात्र मला सुटायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या दवाखान्यातही तसं कुणी विचारलं नाही. चाळिशी उलटलेल्या, मुलं कॉलेजात असलेल्या बाईने ‘संबंध आल्यावर खाज सुटते’ हे वाक्य उच्चारायचं म्हणजे आधीच घसा कोरडा पडतो. ते एकदा बोलून झालं की समोरून येईल ती चिठ्ठी घेऊन आपण बाहेर पडतो.

तर पहिल्यांदा मला योनीत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या. दह्याच्या कवडीसारखं पांढरं जात होतं, कड सुजली होती, लघवी करताना चुरचुरायचं. कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं हे अगदी पुस्तकातलं चित्र, त्यामुळे उपचार बरोबरच होता. आठवडाभरात आराम पडला. पण पुन्हा संबंध आले, की एकदोन दिवसांत खाज हजर.

मग नवऱ्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावल्याबरोबर इतकं गार वाटलं की तिला आम्ही रामबाण ठरवून टाकलं. तिच्यात बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि जोडीला क्लोबेटासॉल हे अतिशय जालीम स्टेरॉइड. स्टेरॉइड लालीही दाबतं आणि खाजही दाबतं. खालची बुरशी मात्र निवांत वाढत राहते आणि तिथली मुळातच नाजूक कातडी आणखी पातळ होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल नियमांत केला. पण आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर खुणेनेही औषध मिळतं. जांघेतलं गजकर्ण हल्ली वर्षानुवर्षं हटत नाही, त्यामागेही अशा ट्यूबांचा मोठा हात आहे.

नंतर ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ भेटल्या, त्यांनी तपासण्याआधीच विचारलं, ‘‘खाज नेमकी कधी सुटते? तिथल्या तिथे, की दुसऱ्या दिवशी? आणि मिस्टरांना काही त्रास आहे का?’’

यातला ‘कधी’ फार कामाचा आहे. काही मिनिटांत आग, खाज, सूज सुरू झाली तर संशय आधी त्या वेळी अंगाला लागलेल्या गोष्टीवर घ्यायचा. कंडोमचं रबर, त्यावरचं वंगण, सुगंध, शुक्राणुनाशक, नाहीतर बाजारातली जेली. फुगे फुगवताना ओठ खाजतात किंवा रबरी हातमोज्यांनी हात लाल होतात, अशा माणसाने लॅटेक्सचा विचार करावाच. त्याला पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे कंडोम चालतात. क्वचित एखादीला वीर्यातल्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी असते. तिला साधारण अर्ध्या तासात त्रास होतो आणि कंडोम वापरला तर होत नाही. ओळखण्याची एवढी सोपी खूण असूनही तो आजार कित्येकदा ‘इन्फेक्शन’ म्हणूनच हाताळला जातो. आणि ओलावा नसताना घाई केली तर नुसत्या घर्षणानेही आग होते. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होऊन आतली त्वचा कोरडी, पातळ होते. तिथे बुरशीच्या गोळ्या कितीही ठेवा, उपयोग नाही. डॉक्टर त्यासाठी वेगळं क्रीम देतात. कोरडेपणावर घरचं खोबरेल लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो.

माझी खाज उशिरा यायची, म्हणजे मामला जंतूंचा किंवा बुरशीचा असण्याचा संभव जास्त. दुसऱ्या प्रश्नावर मी ‘‘नाही, त्यांना काही नाही’’ असं ठासून सांगितलं. घरी विचारलं तेव्हा कळलं, की त्यालाही शिश्नाच्या टोकाला लाली होती आणि पुढच्या कातडीला बारीक चिरा पडत होत्या. लाजेपायी तो तीच ट्यूब चोरून लावत होता.

त्याच्या मधुमेहाच्या गोळ्या काही महिन्यांपूर्वी बदलल्या होत्या. नव्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ होतं. या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत, जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा चांगला फायदा होतो. 2020 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर त्या आपल्याकडे स्वस्तही झाल्या आणि घरोघरी पोचल्या. पण गोड लघवीचा ओलावा कातडीखाली राहिला की बुरशीची चंगळच. चिठ्ठी देताना ‘लघवीनंतर जागा धुऊन कोरडी करा’ एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

गोळी मनाने बंद करू नका, हे मात्र डॉक्टरांनी बजावलं. त्याची तीन महिन्यांची साखर पाहिली, त्याच्या बुरशीवर वेगळं औषध दिलं, माझीही साखर तपासली. दोघांचे उपचार एकदम झाले, मधे काही दिवस संबंध टाळले आणि ट्यूब कचऱ्यात गेली. कॅन्डिडात प्रत्येक नवऱ्याला औषध लागतंच असं नाही. त्याला त्रास असेल तर मात्र नुसत्या बायकोवर उपचार करून भागत नाही.

ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचं तसं नाही. फेसाळ, पिवळट-हिरवट स्राव आणि खाज बाईला, तर पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही. तिथे जोडीदाराला औषध द्यावंच लागतं, नाहीतर तो आजार फिरून परत येतो. मासळीसारखा वास येत असेल, तोही संबंधानंतर जास्त, तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. त्याचं औषध आणखी वेगळं. रात्री अंगभर खाज आणि घरात दोघातिघांना तसंच होत असेल, तर ती खरूज असू शकते आणि संबंधांवर उगाच आळ घेतला जातो. नुसत्या वर्णनावरून स्वतःच निदान करण्यात म्हणूनच अर्थ नाही. स्राव मायक्रोस्कोपखाली पाहून घ्यावा.

खाज म्हटलं की घरात पहिल्यांदा संशयच येतो, ‘हे कुठून आणलं?’ आमच्या घरी तो प्रश्न अर्धवट विचारून झाला होता. गुप्तरोगाची शंका खरोखर असेल तरी भांडणापेक्षा तपासणी बरी. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि 1097 या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.

डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश, आत पिचकारी मारून धुणं, हे सगळं सोडा. बाहेरून साधं पाणी पुरतं. गरोदर असाल तर बुरशीची तोंडाने घ्यायची गोळी परस्पर घेऊ नका. फोड, जखम, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर थांबू नका. पुरुषाची मागे सरकलेली कातडी पुढे येईनाशी झाली, किंवा मधुमेह्याच्या त्या भागात सूज येऊन असह्य दुखू लागलं, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. संबंधानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तरीही तेच.