स्टीगल्स : 1943 चा फुटबॉल हंगाम

मागच्या सत्रात माझ्या मेडिकलच्या कागदावर डोळ्यांपुढे एक शेरा आला. सुट्टीत घरी गेल्यावर मी शोधत होतो की सैन्याने नापास केलेली माणसे पुढे काय करतात. तेव्हा मला स्टीगल्स हा संघ सापडला. आपल्या शाळेत कोणालाच तो माहीत नव्हता, म्हणून मराठी पानासाठी हा विषय घेतला.

आधी खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातात धरून पळतात किंवा फेकतात. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत मैदान 100 यार्डांचे असते आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. एवढे कळले की पुढचे समजते.

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि व्यावसायिक संघांतले खेळाडू एकामागून एक सैन्यात जाऊ लागले. 1943 च्या उन्हाळ्यात पिट्सबर्ग स्टीलर्सकडे करार केलेले फक्त सहा खेळाडू उरले होते. क्लीव्हलंड रॅम्स या संघाने तर त्या वर्षी खेळायचेच नाही असे ठरवले. फिलाडेल्फिया ईगल्सची स्थिती जरा बरी होती, पण त्यांचाही संघ पुरा होत नव्हता. मग पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दोन टोकांच्या या दोन शहरांनी एकाच हंगामासाठी एकत्र यायचे ठरवले. संघाच्या नावात दोन्ही शहरे होती, पण लोकांनी स्टीलर्स आणि ईगल्स जोडून ‘स्टीगल्स’ केले आणि तेच नाव राहिले.

आता मुख्य गोष्ट. या संघातले बरेच खेळाडू सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत नापास झालेले होते. अमेरिकेत या वर्गाला ‘चार-एफ’ म्हणत. टोनी बोवा याला एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने कमी दिसे. तरी त्या हंगामात स्टीगल्सकडून सर्वांत जास्त झेल त्यानेच घेतले. रे ग्रेव्हज एका कानाने बहिरा होता. विक सीअर्सला पोटात अल्सर होता. जॅक हिंकल भरती झाला होता, पण अल्सरमुळे त्याला परत पाठवले.

लोक विचारत, जो माणूस हजारो प्रेक्षकांसमोर एवढा आडदांड खेळ खेळतो तो लढू का शकत नाही? मलाही पहिल्यांदा हेच वाटले, आणि थोडा रागही आला. पण विचार केल्यावर फरक कळतो. सामना 60 मिनिटांचा असतो आणि बाजूला डॉक्टर उभा असतो. अल्सर असलेल्याला वेळेवर बेताचे जेवण लागते, ते खंदकात कोण देणार? रात्रीच्या पहाऱ्याला एका कानाने आवाज कोणत्या दिशेचा आहे हे नीट कळत नाही, आणि चूक झाली तर ती शेजारच्या जवानालाही भोवते. म्हणजे तपासणी त्या एकट्यासाठी नसते, हे मला पटले. (शेरा आवडला असे मात्र नाही.)

हे खेळाडू नुसते खेळत नव्हते. प्रत्येकाने आठवड्याला 40 तास युद्धसामग्रीशी संबंधित काम करायचे असा संघाचा नियम होता. दिवसा काम, संध्याकाळी सराव. आपल्याला परेड, वर्ग आणि प्रेप जड वाटते!

त्यात प्रशिक्षक दोन. ईगल्सचे ग्रीझी नील आणि स्टीलर्सचे वॉल्ट किस्लिंग यांचे अजिबात पटत नसे. शेवटी आक्रमण नील यांनी आणि बचाव किस्लिंग यांनी पाहायचा अशी वाटणी झाली. एका कंपनीला दोन कमांडर दिले तर काय होईल हे आपण जाणतोच, पण इथे काम कसेबसे चालले.

त्याच वर्षी लीगने हेल्मेट सक्तीचे केले. बिल ह्युइट हा जुना खेळाडू निवृत्तीतून परत आला होता. तो हेल्मेट न घालण्यासाठीच प्रसिद्ध होता, त्यालाही ते घालावे लागले. माणसे कमी म्हणून खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. पुढे आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे अशी पद्धत आली. तिला ‘प्लॅटून’ म्हणतात, हा शब्द आपल्याच घरचा.

पहिला सामना 2 ऑक्टोबरला होता. ब्रुकलिनला 17–0 ने हरवले. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध स्टीगल्सच्या हातून चेंडू तब्बल दहा वेळा सुटला, तरी ते 28–14 ने जिंकले. मला हाच सामना सर्वांत आवडतो. नंतर बलाढ्य शिकागो बेअर्सने त्यांना 48–21 असे धुतले. डेट्रॉइटला त्यांनी 35–34, म्हणजे एका गुणाने हरवले. हिंकल हंगामभरात 571 यार्ड धावला आणि जायंट्सचा बिल पास्कल 572. पहिला क्रमांक एका यार्डाने गेला.

5 डिसेंबरला फिलाडेल्फियात ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध शेवटचा सामना होता. तो जिंकले असते तर वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क यांच्या बरोबरीने ते विभागात पहिले आले असते. पण 38–28 ने हरले. पाच विजय, चार पराभव, एक बरोबरी, तिसरा क्रमांक. ईगल्सने त्याआधी एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नव्हते. विजेतेपद बेअर्सला मिळाले, अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला 41–21 ने हरवून.

हंगाम संपताच दोन्ही संघ वेगळे झाले. 1944 मध्ये स्टीलर्सने शिकागो कार्डिनल्सशी हातमिळवणी केली आणि दहाच्या दहा सामने गमावले. त्या ‘कार्ड-पिट’ संघाला लोक ‘कार्पेट’ म्हणू लागले, कारण कोणीही यावे आणि तुडवून जावे! नील यांच्या ईगल्सने मात्र 1948 आणि 1949 असे दोनदा विजेतेपद मिळवले. अल्सरवाला सीअर्स दोन्ही वेळा संघात होता आणि 1953 पर्यंत खेळला. एका कानाने बहिरा असलेला ग्रेव्हज पुढे फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.