आमदारांकडे काय मागायचं? – इयत्ता सहावी, नागरिकशास्त्र : स्थानिक शासन



सहावीला स्थानिक शासन शिकवायला घेतलं की मी आधी एक प्रश्न विचारतो. "गावात चार दिवस नळाला पाणी आलं नाही, तर कुणाकडे जायचं?" यंदा जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "आमदारांकडे!" एक जण तर म्हणाला, "सर, चौकातल्या बॅनरवर त्यांचा नंबरपण आहे."

मुलांना काय बोलणार? मीही तेच केलं होतं. आमच्या आधीच्या शाळेत स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. मुली दुपारनंतर घरी निघून जायच्या. आम्ही निवेदन लिहिलं, सह्या घेतल्या आणि आमदारांच्या कार्यालयात देऊन आलो. चार महिने गेले. एक दिवस ग्रामसेवक भेटले आणि म्हणाले, "सर, गावाच्या आराखड्यात हे काम टाकलं होतं का? ग्रामसभेला तुमच्यापैकी कुणीच नव्हतं." खरंच कुणी नव्हतं. पुढच्या ग्रामसभेला आम्ही गेलो, पालकांनाही नेलं. काम आराखड्यात आलं आणि पाइपलाइन झाली.

म्हणून हा पाठ मी आता फक्त व्याख्या पाठ करून घेण्यासाठी शिकवत नाही.

आमदार-खासदारांचं सभागृहातलं काम

मुलांना सोप्या शब्दांत चार कामं सांगावीत.

१. कायदे करणे, आणि मांडलेल्या विधेयकात दुरुस्ती सुचवणे.
२. सरकारला प्रश्न विचारणे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. आपल्या विधिमंडळात लक्षवेधी सूचनाही मांडता येते.
३. अंदाजपत्रकावर चर्चा करून ते मंजूर करणे.
४. समित्यांमध्ये बसून विधेयकं आणि खर्च बारकाईने तपासणे.

या यादीत नळ दुरुस्ती कुठेच नाही. पण नळाचा अधिकार गावाच्या हाती आला, तो मात्र सभागृहातल्या याच कामांतून आला. ती गोष्ट मुलं आवडीने ऐकतात.

गावाच्या हाती अधिकार कसे आले?

संविधानाच्या मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेखच नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांचं गोडवे गाणारं चित्र नाकारलं. गावगाड्यातली जातीची उतरंड त्यांनी स्वतः सोसली होती. अनेक सदस्यांना मात्र पंचायती हव्या होत्या. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी मद्रासचे सदस्य के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली : राज्याने ग्रामपंचायती स्थापन कराव्यात आणि त्यांना स्वशासनासाठी लागणारे अधिकार द्यावेत. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. एका सदस्याने मांडलेली एक दुरुस्ती, तिचं हे फळ!

पण कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. त्यामुळे पुढचा रस्ता लांबला.

• १९५७ : खासदार बलवंतराय मेहता यांच्या समितीने त्रिस्तरीय पंचायत राज सुचवलं.
• २ ऑक्टोबर १९५९ : राजस्थानात नागौर इथे पंचायत राजची सुरुवात.
• १ मे १९६२ : महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीने तालुक्यापेक्षा जिल्ह्याच्या पातळीवर जास्त भर दिला, म्हणून आपल्या शाळा आजही जिल्हा परिषदेच्या आहेत.
• १९८९ : ६४वी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली, पण राज्यसभेत दोन-तृतीयांश बहुमत मिळालं नाही आणि ती पडली.
• डिसेंबर १९९२ : संसदेने नवं विधेयक मंजूर केलं. त्याआधी नागौरचेच खासदार नथुराम मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने ते तपासलं होतं. २४ एप्रिल १९९३ पासून ही ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली.

७३व्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. बाबासाहेबांची शंका खोटी नव्हती, म्हणून अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांचं आरक्षण ५० टक्के आहे.

'देऊ शकेल' म्हणजे काय?

इथे जरा थांबून शिकवावं. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात पिण्याचं पाणी आहे, प्राथमिक शिक्षणही आहे. पण कलम २४३-छ म्हणतं की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार पंचायतींना 'देऊ शकेल'. 'दिलेच पाहिजेत' असं नाही. विषय दिला, पण त्याबरोबर पैसा आणि माणसं दिली नाहीत, तर तो कागदावरच राहतो.

निवडणुकीचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक राहिले. इतके दिवस आपल्या शाळांचे निर्णय घेणाऱ्या सभेत लोकांनी निवडलेलं कुणीच नव्हतं.

म्हणून आमदारांना भेटलो तर मागायचं काय? नळ नको. नळाचा अधिकार, निधी आणि कर्मचारी गावाला द्या, हे मागायचं. आणि विचारायचं, "साहेब, या अधिवेशनात यावर तुम्ही कोणता प्रश्न विचारला?"

वर्गात घ्यायचा उपक्रम

फळ्यावर चार रकाने आखा : ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधिमंडळ, संसद. मुलांना चिठ्ठ्या वाटा.

• गल्लीतला दिवा बंद आहे.
• शाळेत एका शिक्षकाची जागा रिकामी आहे.
• रेल्वेच्या कायद्यात बदल हवा.
• ग्रामपंचायतीला जादा अधिकार हवेत.

पहिल्या तीन चिठ्ठ्या पटापट लागतात. चौथीवर माझ्या वर्गात भांडण झालं. निम्मी मुलं म्हणाली ग्रामपंचायत, निम्मी म्हणाली विधिमंडळ. शेवटी एक मुलगी उठली. "सर, ज्याच्याकडे आहे त्यानेच द्यायचं ना? मग विधिमंडळ." पाठाचा सारांश तिनेच सांगितला.

पालकांसाठी

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. त्यातल्या एका तरी सभेला मुलाला सोबत न्या. मुलांना मत नसतं, पण बघायला कुणी अडवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. आपल्या गावात तो कुठे खर्च झाला, हे सभेत विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. तुम्ही समितीत असाल तर तो आराखडा वाचल्याशिवाय सही करू नका.

आमच्या जुन्या शाळेतल्या मुली आता पूर्ण दिवस शाळेत थांबतात. ते चार महिने वाया गेले, ते आम्हाला कुठे जायचं हे ठाऊक नव्हतं म्हणून. तुमच्या वर्गातल्या मुलांचे तरी जाऊ नयेत.

उपक्रम करून पाहा आणि चौथी चिठ्ठी तुमच्या वर्गात कुठे लागली, ते जरूर कळवा.