सोळा चित्रांचा खर्च

चित्रकलेच्या दुकानात सर्वांत जास्त पैसे जातात ते काय काढायचं हे ठरलेलं नसताना. अठ्ठेचाळीस रंगांची पेटी येते, जाडजूड वही येते, चार जातींचे ब्रश येतात आणि एवढ्या महागाच्या वहीचं पहिलं पान खराब करायला हात धजावत नाही. दिवाळी अंकांना, पुस्तकांना, पाठ्यपुस्तकांना चित्रं काढून देणाऱ्या मंडळींनाही हा अनुभव येतो. कामाची चित्रं ते बिनदिक्कत काढतात, पण स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की आधी खरेदीला निघतात.

म्हणून स्वतःच्या छोट्या चित्रमालिकेचा हिशोब शेवटाकडून मांडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रं कशाची, किती आणि शेवटी त्यांचं काय होणार, या तीन गोष्टी कागदावर लिहून मगच दुकानात जावं. वहीतच राहणार असतील तर खर्च वेगळा, झेरॉक्स काढून मित्रांना वाटायची असतील तर वेगळा, भिंतीवर फ्रेम करून लावायची असतील तर फारच वेगळा. पुढचे भाव पुण्या-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. दुकान बदललं की थोडाफार फरक पडेल.

उदाहरण एका हातगाडीचं

समजा, विषय आहे कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या हातगाडीवर वर्षभरात येऊन जाणाऱ्या भाज्या. पहिल्या पावसाबरोबर शेवळं आणि टाकळा, श्रावणाच्या आसपास कर्टोली, थंडीत हरभऱ्याचा पाला आणि तुरीच्या ओल्या शेंगा, उन्हाळ्यात कैरी आणि करवंदं. विषय जवळचा आहे, मॉडेल दारात मिळतं आणि चित्र झालं की त्याची भाजीही होते. शेवळं आणि कर्टोली स्वस्त नसतात, पण हा खर्च मी चित्राच्या खात्यावर टाकणार नाही.

संख्या सोळा धरू. त्यामागे कागदाचं गणित आहे. जलरंगाचा पूर्ण ताव साधारण 22 बाय 30 इंचांचा असतो. तो दोन्ही बाजूंनी चार-चार भागांत विभागला की साडेपाच बाय साडेसात इंचांचे बरोबर सोळा तुकडे होतात, एक कपटाही वाया जात नाही. घडी घालून नखाने दाबायची, घडी उलटी करून पुन्हा दाबायची आणि स्टीलची पट्टी घट्ट धरून कागद आपल्याकडे ओढत फाडायचा. कात्रीपेक्षा या कडा सुंदर दिसतात. शुद्ध कापसाच्या, 300 जीएसएमच्या परदेशी कागदाचा ताव साधारण 400 ते 700 रुपयांना मिळतो, म्हणजे एका चित्रामागे जेमतेम 25 ते 45 रुपये. त्याच प्रतीच्या बांधीव वहीत हा हिशोब सहज दुप्पट होतो. देशी हातकागद याहून बराच स्वस्त मिळतो आणि पुण्यात तर हातकागदाची जुनी संस्थाच आहे. मात्र प्रत्येक हातकागद पाणी सारखं पेलत नाही. घेण्याआधी एक तुकडा मागून घ्यावा, ओला ब्रश एकाच जागी पाच-सहा वेळा फिरवावा आणि वाळल्यावर पेनाची रेघ ओढून बघावी. कागदाचे तंतू सुटले किंवा शाई फुटली तर तो कागद रंगकामाचा नाही. पेन्सिल आणि खडूसाठी मात्र चांगला असू शकतो.

हात राखायचा असेल तर तो रंगांवर राखावा, कागदावर नाही. साध्या रंगांनी चांगल्या कागदावर चांगलं चित्र होतं. वाईट कागदावर जगातले उत्तम रंगही चिखल करतात, कारण पाणी एकदम शोषलं जातं आणि रंग पसरायला वेळच मिळत नाही. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांच्या घरात कॅमलचे रंग कुठेतरी असतीलच. ते आधी शोधा. ट्यूब दगडासारखी झाली असेल तर कापून, आतली वडी पॅलेटमध्ये ठेवून पाण्याने पुन्हा वापरता येते. हे फक्त जलरंगांच्या बाबतीत. अॅक्रिलिक एकदा सुकलं की गेलं. नवीन घ्यायचे झाल्यास आर्टिस्ट प्रतीची बारा ट्यूबची देशी पेटी 400 ते 600 रुपयांपर्यंत मिळावी. भाज्यांसाठी हिरव्या रंगांच्या चार ट्यूब घेण्याचा मोह होईल, तो टाळावा. दोन पिवळे, दोन निळे आणि एक मातकट तांबडा एवढ्यांतून टाकळ्याचा, कैरीचा आणि हरभऱ्याचा हिरवा वेगवेगळा निघतो आणि ते मिसळतानाच भाजीकडे नीट बघणं होतं.

ब्रश दोन पुरतात: सिंथेटिक, गोल, एक 2 नंबरचा आणि एक 6 किंवा 8 नंबरचा. दोन्ही मिळून 300 रुपये धरा. रेघेसाठी पाण्याने न फुटणाऱ्या शाईचं पेन 80 ते 200 रुपयांना येतं. टाक, निब आणि ड्रॉइंग इंकची बाटली एवढं सगळं मिळून दीडशेच्या घरात बसतं. रेघ जाड-बारीक हवी असेल तर मी टाकच सुचवेन. फक्त ती शाई कधीही फाउंटन पेनमध्ये भरू नका. ती आत वाळते आणि पेन कायमचं बसतं.

पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन आणि पेस्टल यांच्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. दुकानात जुन्या किमतीची पाकिटं दिसली तर विचारायला संकोच करू नये.

कच्चं काम फुकटात होतं

चित्रमालिकेचं निम्मं काम या सगळ्या खरेदीच्या आधीचं असतं आणि त्याला पाठकोरे कागद पुरतात. काडेपेटीएवढ्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत अर्ध्या मिनिटात रचना करून बघायची: शेंगा आडव्या ठेवू की टांगलेल्या दाखवू, भाजीवालीचा हात दिसू दे की नको, वजनकाटा घेऊ का. सोळा चौकटी एका पानावर शेजारी-शेजारी मांडल्या की लगेच लक्षात येतं, सगळ्या भाज्या मधोमध आणि एकाच आकाराच्या आल्या आहेत. ही चूक इथे दुरुस्त केली तर पैसे पडत नाहीत. रंगवून झाल्यावर कळली तर सोळा तुकडे आणि कित्येक संध्याकाळी गेल्या.

वेळेचाही हिशोब लिहावा, कारण तो पैशांहून मोठा असतो. या आकाराच्या रंगीत चित्राला कच्च्या आराखड्यासकट दोन-तीन तास सहज जातात. सोळा चित्रं म्हणजे चाळीसेक तास. आठवड्याला एक चित्र धरलं तरी चार महिने होतात आणि भाज्या ऋतूप्रमाणे येणार असल्याने खरं तर वर्षच लागेल. नोकरी आणि घर सांभाळून हे करणाऱ्याने सोळाच्या वर आकडा नेऊ नये. पूर्ण झालेली छोटी मालिका पुढच्या मालिकेला बळ देते. अर्धवट राहिलेली मोठी मालिका कपाटातून डोळ्यांत खुपत राहते.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी तरुणपणी गोव्यातल्या घरी आणि मुंबईत रोजच्या डायऱ्या चित्रांनी भरल्या, त्या कुणी सांगितलं म्हणून नव्हे. 1949, 1950 आणि 1951 या सालांच्या त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. त्या चाळल्या की दिसतं, लग्नं, पाहुणे, गावकरी, रस्त्यावरची गर्दी, सगळं रोजच्या सवयीने आलेलं आहे. साहित्य काय, तर डायरीचं पान आणि शाई. ज्यांना रंगांचा खर्च झेपणार नाही त्यांनी हे उदाहरण नुसत्या दिलाशासाठी नव्हे, खरोखरची पद्धत म्हणून समोर ठेवावं.

छपाईत पैसे कुठे जातात

आपली सोळा चित्रं पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे ए6 पुस्तिकेत छापायची आहेत. एका ए4 कागदाच्या दोन्ही बाजूंवर ए6ची आठ पानं बसतात. म्हणजे आतल्या सोळा पानांना दोन कागद आणि कव्हरला जाड कागदाचा अर्धा तुकडा. सेंटर पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, त्यामुळे अठरा चित्रं काढून बसलात तर दोन पानांचा घोळ होईल.

रंगीत डिजिटल छपाई बऱ्या कागदावर एका ए4 बाजूला 10 ते 20 रुपये पडते. चार बाजू, कव्हर, कटिंग आणि पिन धरून एक प्रत साधारण 80 रुपयांना जाईल. तीस प्रतींचे 2,400. ऑफसेटचा विचार इथे करूच नये. तिथे रंगीत कामाला चार प्लेटा कराव्या लागतात आणि तो खर्च एक प्रत छापली तरी तेवढाच राहतो. काही शे प्रतींच्या पुढेच ऑफसेट परवडतं. छापायला देण्याआधी स्कॅनिंग करावं लागेल: रंगीत चित्रांना 300 डीपीआय आणि नुसत्या काळ्या रेघांना 600. फोटो स्टुडिओत एका स्कॅनला 10 ते 20 रुपये घेतात. मोबाइलवर काढलेला फोटो छपाईला देऊ नका. एका कडेला सावली येते आणि पांढरा कागद पिवळा किंवा निळा दिसतो. फाइलमध्ये चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड सोडा, नाहीतर कटिंगमध्ये चित्राच्या कडेला पांढरी रेघ येईल. एक नमुना प्रत आधी छापून घ्या आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उजेडात येऊन बघा. हिरवे रंग छपाईत हमखास मंद होतात.

आता बेरीज: कागद 600, रंग 500, ब्रश 300, पेन 150, स्कॅनिंग 240, छपाई 2,400. एकूण 4,190 रुपये. छपाई वगळली तर 1,790, म्हणजे चित्रामागे सुमारे 112 रुपये.

हीच मालिका काळ्या-पांढऱ्यात केली तर? देशी कागदाचा ताव 150, पेन 150. झेरॉक्सवाल्याला चित्रं सत्तर टक्क्यांवर लहान करायला सांगायचं. ती ए6मध्ये कडेला जागा सोडून नीट बसतात आणि लहान झाल्यावर रेघ अधिक ठाशीव दिसते. कव्हरसकट प्रत 15 रुपयांत होते. तीस प्रती 450. एकूण 750 रुपये. माझा कल पहिल्या मालिकेसाठी याच बाजूला आहे.

एवढाही पसारा नको असेल तर एका ए4 कागदाची आठ पानी पुस्तिका करा. कागदाला घड्या घालून आठ सारखे चौकोन पाडायचे. मग तो आडवा अर्धा दुमडून, बंद कडेच्या मध्यापासून आत एका चौकोनापर्यंतच काप द्यायचा. उलगडून लांबीत दुमडला आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलली की मधली फट उघडते आणि पानं आपोआप पुस्तकासारखी मिटतात. पिन नाही, डिंक नाही. कोऱ्या पुस्तिकेवर आधी पेन्सिलीने पानांचे आकडे घाला, मग उलगडून बघा. चार पानं उलटी आलेली दिसतील, चित्रंही तशीच उलटी काढायची. छपाई एकाच बाजूला, त्यामुळे वीस प्रतींना चाळीसेक रुपये. टपालखात्याचं 50 पैशांचं कार्डही असंच स्वस्त आणि सुटसुटीत आहे. जलरंग त्यावर नको, पण बॉलपेनने रोज एक चित्र काढून कुणाला तरी पाठवता येतं.

टॅबलेट घ्यायचा विचार असेल तर एकच सावधगिरी. आयपॅडसोबत सर्वांत स्वस्त म्हणून यूएसबी-सी अॅपल पेन्सिल गळ्यात मारली जाते. तिला हाताचा दाब कळत नाही, रेघ जाड-बारीक होत नाही. चित्रकाराला ती उपयोगाची नाही. कॉम्प्युटर असेल तर त्याला जोडायची बिनपडद्याची पेन टॅबलेट 3,000 ते 6,000 रुपयांत येते आणि क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

विकायची असतील तर

पुस्तिका दुकानात ठेवली तर विक्रेता बहुतेकदा किमतीच्या 30 ते 40 टक्के घेतो. म्हणून 80 रुपयांची प्रत 100 रुपयांना लावली तर हातात तोटाच येईल. 200च्या खाली जाऊ नये.

आणि एखाद्या संपादकाला यातलं चित्र आवडलं तर? 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क चित्र निर्माण होताच चित्रकाराचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर एका चित्राला 500 रुपये शुल्क आहे आणि चित्र एखाद्या मालावर किंवा वेष्टनावर वापरायचं असेल तर 2,000. सोळा चित्रांची वेगवेगळी नोंदणी करण्याची मला गरज वाटत नाही. त्याऐवजी चित्र देताना दोन ओळी लिहून घ्या: कुठल्या अंकासाठी, किती काळ, किती मानधन. हक्क लेखी सोपवताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. मूळ चित्र परत मिळेल, हेही लिहा.

मूळ चित्रांसाठी शंभर-दीडशे रुपयांचं फोल्डर आणि मध्ये घालायला बटर पेपर एवढा शेवटचा खर्च. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात कापसाच्या कागदाला बुरशी लागते. फोल्डर भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नका आणि ऊन पडेल त्या दिवशी ते उघडून चित्रं सावलीत वाऱ्यावर मांडा.