आधी जतन, मग रिस्टार्ट : जुनी छायाचित्रे, संगणकाची स्मृती आणि आपली जबाबदारी

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून जुनी छायाचित्रे मागवावीत असे ठरले, तेव्हा हे काम आम्हांला इतके काही शिकवील याची कल्पना नव्हती. कोणी पत्र्याच्या पेटीतून, कोणी लग्नाच्या अल्बममधून, तर कोणी भिंतीवरच्या चौकटीतून काढून फोटो आणून दिले. कोकणच्या दमट हवेने काही फोटो काचेला चिकटले होते, काहींवर बुरशीची नक्षी उमटली होती. ते स्कॅन करावेत, संगणकावर डाग पुसावेत आणि छापखान्याकडे पाठवावेत, अशी योजना होती. नववीची काही मुले आणि इतिहास शिकविणारे आम्ही, असा आमचा संच होता.

दोन आठवड्यांतच पडद्यावर एकच संदेश वारंवार दिसू लागला : मेमरी अपुरी आहे. संगणक हँग होई आणि आम्हां सर्वांना ठाऊक असलेला उपाय एकच, तो म्हणजे रिस्टार्ट. हा उपाय खोटा नाही. परंतु तो केव्हा करावा, त्याने काय वाचते आणि काय जाते, हे न कळल्यामुळे आमच्या हातून एक नुकसान झाले. ते इतरांच्या घरी होऊ नये, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

गमावलेली नावे

एका माजी विद्यार्थ्याने वसतिगृहाचे एक जुने समूहचित्र आणून दिले होते. तीन रांगांत मुले, मध्यभागी शिक्षक, आणि फोटोखालच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत सर्वांची नावे छापलेली. आम्ही ते काळजीपूर्वक स्कॅन केले आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत केला. पुढे डाग काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा संगणक पुनःपुन्हा अडकू लागला. दोनदा रिस्टार्ट करूनही काम पुढे सरकेना. तेव्हा एका हुशार मुलाने आपल्यापरीने मार्ग काढला. त्याने चित्राची रुंदी ८०० ठिपक्यांवर आणली आणि ‘सेव्ह’चे बटण दाबले. संगणक तत्काळ हलका झाला. आम्हीही त्याला शाबासकी दिली.

पुढच्या पावसाळ्यात त्या विद्यार्थ्याच्या नदीकाठच्या घरात पाणी शिरले. पेटीतले कागद गेले, त्यात तो फोटोही गेला. आमच्याकडची प्रत उघडून पाहिली, तेव्हा चेहरे ओळखू येत होते, परंतु पुठ्ठ्यावरची नावे म्हणजे केवळ करड्या रेघा उरल्या होत्या. दोष त्या मुलाचा नव्हता. मूळ प्रत वेगळी ठेवावी, हे आम्ही त्याला शिकविलेच नव्हते.

स्मृती दोन प्रकारची

संगणकात दोन जागा असतात आणि बोलताना आपण दोन्हींना ‘मेमरी’ म्हणतो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. वीज गेली तरी त्यातले दप्तर तसेच राहते. रॅम म्हणजे काम करण्याचे टेबल. कपाटातला कागद वाचायचा किंवा दुरुस्त करायचा, तर तो आधी टेबलावर घ्यावा लागतो. कपाट कितीही मोठे असले, तरी टेबल लहान असेल तर एका वेळी थोडेच कागद पसरता येतात.

या टेबलाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. रॅममधील माहिती अतिसूक्ष्म विद्युतभारांच्या रूपाने असते आणि हे भार सतत गळत असतात. म्हणून संगणक साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत ते पुन्हा भरत राहतो. वीज थांबली की हे भरणे थांबते आणि टेबल कोरे होते. आपण दोन तास पुसलेले डाग ‘सेव्ह’ केले नसतील, तर ते केवळ या टेबलावरच असतात.

एका छायाचित्राचे वजन

“फाइल तर फक्त चार एमबीची आहे, मग मेमरी कशी भरते?” हा प्रश्न मुलांनी आम्हांला विचारला आणि तो योग्यच होता. जेपेग प्रकारची फाइल कपाटात घडी घालून ठेवलेली असते. टेबलावर घेताना ती पूर्ण उलगडावी लागते. चार एमबी हे घडीचे माप झाले, उलगडलेल्या चित्राचे नव्हे.

उलगडलेल्या चित्राचे माप शाळेतल्या गुणाकाराने काढता येते. ए-फोर आकाराचा कागद दर इंचास ३०० ठिपके या मापाने स्कॅन केला, तर २,४८० × ३,५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी तीन बाइट लागतात. म्हणजे सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट झाले. तोच कागद ६०० ठिपक्यांनी स्कॅन केला, तर वजन दुप्पट होत नाही, चौपट होते. कारण लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात. हा आकडा सुमारे १० कोटी ४४ लाख बाइटपर्यंत जातो.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या भारतीय बनावटीच्या संगणकाची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. म्हणजे सारे मिळून १०,२४० बाइट. आपल्या वसतिगृहाचा एक फोटो उलगडण्यासाठी अशा सुमारे दहा हजार यंत्रांची स्मृती लागली असती!

येथेच गणित संपत नाही. फोटोशॉप किंवा गिंप यांसारख्या प्रणालीत आपण मूळ चित्रावर दुसरा थर म्हणजे ‘लेअर’ घेतो, तेव्हा चित्राएवढ्या भरलेल्या प्रत्येक थराचे तेवढेच वजन वाढते. ‘अनडू’ करता यावे म्हणून प्रणाली मागच्या पायऱ्याही लक्षात ठेवते. पाच थर आणि वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की देणगीत मिळालेल्या, २ गिगाबाइट रॅमच्या जुन्या संगणकाचे टेबल भरून वाहू लागते. मग प्रणाली हार्ड डिस्कवरची मोकळी जागा तात्पुरती वापरते. तिला ‘स्क्रॅच डिस्क’ म्हणतात. डिस्क रॅमपेक्षा पुष्कळ संथ असल्याने संगणक रेंगाळतो, आणि तीही जागा संपली की काम थांबते.

रिस्टार्टने नेमके काय घडते

काही प्रणाली काम संपल्यावरही घेतलेली मेमरी सोडत नाहीत. दिवसभरात असे तुकडे साठत जातात. रिस्टार्ट केल्यावर टेबल एकदम स्वच्छ होते आणि संगणक ताजातवाना भासतो. परंतु टेबलाचा आकार वाढत नाही. फोटोच टेबलापेक्षा मोठा असेल, तर दहा वेळा रिस्टार्ट करूनही तो मावणार नाही. आमच्या समूहचित्राचे असेच झाले होते.

आणखी एक बारकावा. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर राखली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. त्यामुळे संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तरी जुना बिघाड कधीकधी तसाच राहतो. ‘रिस्टार्ट’ निवडले तर सर्व काही नव्याने सुरू होते. प्लग उपसणे हा मात्र उपाय नव्हे. त्या क्षणी डिस्कवर लेखन चालू असेल, तर फाइल बिघडू शकते. पावसाळ्यात आपल्या कोलाडला वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर दहा मिनिटांनी ‘सेव्ह’ करण्याची सवय आम्ही मुलांना लावली आहे.

मेमरी अपुरी पडली तर

आमच्या संगणक कक्षात आता पुढील क्रम भिंतीवर लावला आहे.

१. स्कॅन होताच मूळ प्रत ‘मूळ’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. ती टिफ प्रकारात असावी आणि तिच्यावर कोणतेही काम करू नये. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे.

२. संदेश आला की प्रथम ‘सेव्ह अ‍ॅज’ने नव्या नावाने जतन करावे. नंतरच इतर उपाय.

३. उघडी असलेली इतर चित्रे आणि ब्राउझर बंद करावेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी कोण खात आहे, ते तेथे दिसते.

४. ज्या थरांचे काम पुरे झाले, ते कामाच्या प्रतीत एकत्र करावेत. फोटोशॉपमधील ‘पर्ज’ या आज्ञेने साठलेल्या पायऱ्या पुसून जागा मोकळी होते, पण त्यानंतर मागे जाता येत नाही.

५. संदेश ‘स्क्रॅच डिस्क भरली’ असा असेल, तर अडचण रॅमची नसून डिस्कवरील मोकळ्या जागेची आहे. नको असलेले व्हिडिओ हलवून जागा करावी.

६. प्रणालीला सगळी रॅम देऊन टाकू नये. सुमारे ७० टक्के पुरे. उरलेली खुद्द विंडोजला लागते. ३२ बिटांची विंडोज असेल, तर चार गिगाबाइटच्या पलीकडची रॅम तिला सहसा वापरताच येत नाही, हे नवी रॅम विकत घेण्याआधी पाहावे.

७. आता प्रणाली बंद करून संगणक रिस्टार्ट करावा आणि एका वेळी एकच फोटो उघडावा. पडदा गोठला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काही मिनिटे थांबावे. पॉवरचे बटण दाबून धरणे हा अगदी शेवटचा मार्ग.

फोटो लहान करणे हा उपाय यात मुद्दामच नाही. लहान प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविण्यासाठी अवश्य करावी, पण वेगळ्या नावाने. आमच्या समूहचित्राची रुंदी ७,०१६ वरून ८०० ठिपक्यांवर आली, म्हणजे जेथे सुमारे ७७ ठिपके होते तेथे एक उरला. दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर आधी सुमारे ४७ ठिपक्यांचे होते, ते पाच ठिपक्यांचे झाले. काना, मात्रा आणि वेलांटी असलेले देवनागरी अक्षर पाच ठिपक्यांत मावत नाही. जे ठिपके एकदा गेले, ते कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. ती फार तर अंदाज करते, आणि अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.

‘हिस्ट्री’ मिटते तेव्हा

इतिहासाचे शिक्षक म्हणून एका गोष्टीने आम्ही चकित झालो. फोटोशॉपमध्ये केलेल्या पायऱ्यांच्या यादीला ‘हिस्ट्री’ असेच नाव आहे, आणि फाइल बंद करताच ती यादी नाहीशी होते. दुरुस्त झालेले चित्र समोर राहते, परंतु त्यात काय बदलले हे ते सांगत नाही. म्हणून आम्ही एक साधी वही ठेवली आहे. फोटो कोणाचा, कोणत्या तारखेला स्कॅन केला, कोणता डाग पुसला, मागे काय लिहिले होते, हे सारे तीत नोंदवितो. फोटोची मागची बाजूही स्कॅन करतो, कारण अनेकदा नावगाव तेथेच असते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असतात : एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक शाळेबाहेर दुसऱ्या गावी.

इतकी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या कोलाडवरून जाणारा महामार्गच पुढे महाडला पोहोचतो. तेथे १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. त्यांतील किती जणांची नावे आज आपण सांगू शकतो? बोटांवर मोजण्याइतकीच. बाकीचे लोक आपल्याच गावांतून चालत गेले होते. ७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेची चलत्‌चित्रे आज आपण पाहू शकतो, ती नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रीकरण केले म्हणून. ज्यांच्या पूर्वजांची नावे दुसऱ्या कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या घरातला प्रत्येक फोटो हे दप्तरच असते.

समूहचित्रातील नावांचा शोध आम्ही सोडलेला नाही. मुलांनी जुनी हजेरीपुस्तके चाळली, वडीलधाऱ्यांना फोटो दाखविला आणि पहिल्या दोन रांगांतील सर्व नावे लागली. तिसऱ्या रांगेतील एक मुलगा मात्र अजून अनोळखी आहे. उजवीकडून दुसरा, बाही दुमडलेला, किंचित मान कललेला. उरलेली प्रत इतकी लहान आहे की छापून ती जेमतेम पावणेसात सेंटिमीटर रुंद भरते. तरीही तो ओळखू येईल. फोटो शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी येऊन तो जरूर पाहावा आणि ओळख पटल्यास नाव वहीत लिहावे. येताना आपल्या घरचे जुने फोटोही आणावेत. स्कॅन करून ते त्याच दिवशी परत मिळतील आणि मूळ प्रतीला, या वेळी, कोणी हात लावणार नाही.